ज्येष्ठांसाठी स्ट्रीमिंग साधनाची निवड

स्ट्रीमिंग साधन म्हणजे इंटरनेटवरून येणारे चित्र व ध्वनी दूरचित्रवाणी संचावर दाखवणारे उपकरण होय. टीव्हीच्या मागील खाचेत बसणारी बोटभर लांबीची स्टिक, स्वतंत्र बॉक्स, डीटीएच अथवा ब्रॉडबँड कंपनीचा सेट टॉप बॉक्स आणि ही सोय आतच असलेला स्मार्ट टीव्ही ही त्याची प्रचलित रूपे आहेत. घरातील वृद्ध व्यक्तींसाठी असे साधन निवडताना चित्राची सुस्पष्टता किंवा ॲपची संख्या हे निकष दुय्यम ठरतात. बटण दाबल्यापासून हवा तो कार्यक्रम दिसेपर्यंत किती कृती कराव्या लागतात आणि साधन अडले असता मदतीला कोण येते, या दोन प्रश्नांवर निवडीचे यशापयश अवलंबून असते.

प्रस्तुत लेखात हिंगोली जिल्ह्यातील परिस्थिती आधारभूत मानली आहे. परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी हा जिल्हा अस्तित्वात आला. हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत आणि औंढा नागनाथ हे त्याचे पाच तालुके. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे ११ लाख ७७ हजार असून शहरी भागात राहणाऱ्यांचे प्रमाण जेमतेम १५ टक्के आहे. शिक्षण व नोकरीसाठी पुणे, मुंबई, छत्रपती संभाजीनगर, नांदेड येथे गेलेली मुले आणि गावी राहिलेले आईवडील हे येथील अनेक कुटुंबांचे चित्र आहे. त्यामुळे साधन निवडणारा एक आणि वापरणारा दुसरा अशी स्थिती निर्माण होते. निवडणारा पुण्यातील आपल्या घरच्या अनुभवावरून निवडतो. वापरणाऱ्याच्या घरी वीज, इंटरनेट, टीव्हीचा संच आणि सवयी यांपैकी काहीच तसे नसते. या विषयातील बहुतेक चुकांचे मूळ येथे आहे.

पार्श्वभूमी

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. मराठवाड्यातील खेड्यांत टीव्ही पोहोचला तो प्रामुख्याने १९८० च्या दशकात. त्या काळच्या संचास एक कळ चालू-बंद करण्यासाठी व एक वाहिनीसाठी असे. वाहिनीही बहुधा एकच असल्याने दुसऱ्या कळीस हात लावण्याचे कारण पडत नसे. अडचण यायची ती छपरावरील अँटेनाची. एकाने वर चढून नळी फिरवायची आणि दुसऱ्याने खालून ‘आलं, आलं’ म्हणून ओरडायचे. ही खटपट मोठी असली तरी ती डोळ्यांना दिसणारी होती. काय बिघडले आहे हे निरक्षर माणसालाही कळत असे.

डिसेंबर २००४ मध्ये प्रसार भारतीने ‘डीडी डायरेक्ट प्लस’ ही मासिक शुल्क नसलेली उपग्रह सेवा सुरू केली. हीच पुढे ‘डीडी फ्री डिश’ झाली. छपरावरची तबकडी, जिला ग्रामीण भागात ‘छत्री’ म्हणतात, आणि एक बॉक्स एकदा विकत घेतला की दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीसह इतर अनेक वाहिन्या विनामूल्य दिसतात. केबलचे डिजिटायझेशन २०१२ मध्ये महानगरांपासून सुरू होऊन मार्च २०१७ पर्यंत ग्रामीण भागापर्यंत पूर्ण करण्याचे ठरले होते. फ्री डिश, खासगी डीटीएच आणि डिजिटल केबल या तिन्ही मार्गांनी घरात एक बॉक्स व दुसरा रिमोट आला. सेट टॉप बॉक्सचे बोलीत ‘सेटअप बॉक्स’ झाले. टीव्ही एका रिमोटने लावायचा आणि वाहिनी दुसऱ्याने बदलायची, ही सवय लागण्यास ज्येष्ठांना काही महिने गेले. परंतु ती लागली. वाहिनीचा क्रमांक पाठ असणे हा या सवयीचा कणा होता. अक्षरओळख नसलेल्या स्त्रियाही आपल्या मालिकेचा क्रमांक अचूक दाबतात. १ फेब्रुवारी २०१९ पासून दूरसंचार नियामक प्राधिकरणाची नवी दरव्यवस्था लागू झाली आणि वाहिन्या निवडून त्यांचे पैसे भरण्याची पद्धत आली, तेव्हा पाहता पाहता एखादी वाहिनी बंद होण्याचा अनुभवही या पिढीने घेतला.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यानंतर मोबाईल डेटा स्वस्त झाला व यूट्यूब गावोगाव पोहोचले. संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नरसी या जिल्ह्यातच आहे. कीर्तन, हरिपाठ व भारुड यांची आवड येथे घरोघर असून ज्येष्ठ मंडळी मोबाईलवर सर्वाधिक पाहतात ते बहुधा हेच. मोबाईलचा पडदा लहान, आवाज बारीक. म्हणून तेच मोठ्या पडद्यावर दिसावे ही अपेक्षा स्वाभाविक आहे. पुष्कळ घरांत स्ट्रीमिंग साधनाचा प्रवेश होतो तो या इच्छेतून. चित्रपट किंवा वेबमालिका हे कारण तरुणांचे असते.

साधनांचे प्रकार

स्टिक ही सर्वांत स्वस्त व म्हणून सर्वाधिक भेट दिली जाणारी वस्तू आहे. ॲमेझॉनची फायर टीव्ही स्टिक भारतात एप्रिल २०१७ मध्ये आली. शाओमी इत्यादी कंपन्यांच्या अँड्रॉइडवर चालणाऱ्या स्टिकही मिळतात. तिला एचडीएमआय खाच असलेला टीव्ही, स्वतंत्र वीजजोडणी आणि वाय-फाय या तिन्हींची गरज असते. काचेची मोठी नळी असलेल्या जुन्या संचाला लाल, पांढरी व पिवळी अशा तीन खाचा असतात, एचडीएमआय नसते. मध्ये परिवर्तक लावून काम भागवता येते. पण त्या पडद्यावर ॲपची बारीक अक्षरे वाचता येत नाहीत. अशा घरात स्टिक देण्यापेक्षा संच बदलणे किंवा काहीच न बदलणे बरे.

डीटीएच कंपन्यांचे संमिश्र बॉक्स हा दुसरा प्रकार. टाटा प्ले बिंज प्लस, एअरटेल एक्स्ट्रीम ही त्याची उदाहरणे. यांत छत्रीवरून येणाऱ्या वाहिन्या आणि इंटरनेटवरील ॲप एकाच बॉक्समध्ये, एकाच रिमोटवर असतात व वाहिन्यांचे क्रमांकही कायम राहतात. इंटरनेट बंद पडले तरी वाहिन्या चालू राहतात. मासिक शुल्क भरावे लागते हा यातील दोष. फ्री डिशची सवय असलेल्या घरात तो मोठा वाटतो. ज्यांच्याकडे आधीपासून त्याच कंपनीची सशुल्क जोडणी आहे, त्यांच्यासाठी मात्र हा पर्याय बहुधा सर्वांत सोपा ठरतो.

ब्रॉडबँड जोडणीसोबत मिळणारा बॉक्स हा तिसरा प्रकार. यात थेट वाहिन्याही इंटरनेटवरूनच येतात, त्यामुळे जोडणी तुटली की सर्वच बंद होते. स्मार्ट टीव्हीमध्ये वेगळे उपकरण लागत नाही आणि रिमोट एकच राहतो, हे त्याचे बलस्थान. मात्र स्वस्त संचांतील प्रक्रियक व स्मृती तुटपुंजी असल्याने दोन-तीन वर्षांत ॲप रेंगाळू लागतात. बटण दाबल्यावर चार सेकंद काही घडले नाही की वृद्ध माणूस ते पुन्हा दाबतो आणि मग दोन्ही आज्ञा एकदम अमलात येऊन भलतेच काही उघडते. संथ साधन हे त्यांच्यासाठी निव्वळ गैरसोयीचे नसते. ते वापरताच येत नाही.

मोबाईलवरील चित्र टीव्हीवर पाठवण्याच्या पद्धतीस ‘कास्ट करणे’ म्हणतात. नातवंडे घरी असताना ती सोयीची असते. नातवंडे परत गेली की ती विस्मरणात जाते.

बाजारात कोणत्याही परिचित नावाशिवाय विकले जाणारे, ‘सर्व वाहिन्या कायमच्या मोफत’ अशी जाहिरात असलेले अँड्रॉइड बॉक्स टाळणे आवश्यक आहे. अशा काही बॉक्समध्ये कारखान्यातूनच घातक प्रणाली भरलेली आढळली असून जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआय या तपास संस्थेने ‘बॅडबॉक्स २.०’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अशा जाळ्याविषयी जाहीर इशारा दिला होता.

कृतींची मोजणी

साधन सोपे की अवघड हे ठरवण्याची एक साधी रीत आहे. टीव्ही पूर्ण बंद असताना सुरुवात करून नेहमीचा कार्यक्रम दिसेपर्यंत किती वेळा कळ दाबावी लागते आणि किती वेळा पडद्यावरील मजकूर वाचून निर्णय घ्यावा लागतो, हे मोजावे. दुसरी संख्या अधिक महत्त्वाची आहे. दहा वेळा तेच बटण दाबणे वृद्धांना जमते. वाचून एकदा निवड करणे जड जाते.

छत्रीच्या जोडणीत टीव्ही चालू करणे, बॉक्स चालू करणे आणि क्रमांक दाबणे एवढ्याच कृती असतात व त्यांत वाचावे असे काही नसते. स्टिकच्या बाबतीत टीव्ही चालू करणे, रिमोटवरील ‘सोर्स’ किंवा ‘इनपुट’ बटणाने स्टिकची खाच निवडणे, मुख्य पडदा येण्याची वाट पाहणे, चित्रांच्या रांगांतून ॲप शोधणे, ‘कोण पाहत आहे’ या प्रश्नास उत्तर देणे, कार्यक्रम शोधणे आणि ‘पुढे पाहायचे की पहिल्यापासून’ हे ठरवणे इतके टप्पे पडतात. मुख्य पडद्यावरील चित्रांची मांडणी रोज बदलते व त्यांत जाहिरातीही असतात. काल यूट्यूब जेथे होते तेथे आज दुसरेच काही दिसते. स्थानावरून ओळखणाऱ्या माणसाला हा बदल फार त्रासदायक असतो. डोळ्यांवर मोतीबिंदूचा पडदा असलेली आजी चित्र वाचत नाही. ‘खाली दोनदा, उजवीकडे एकदा’ असे मोजून जाते.

यांतील ‘सोर्स’चे बटण हा सर्वाधिक घोटाळ्याचा मुद्दा होय. ते चुकून दाबले गेले की पडदा निळा किंवा काळा होतो व ‘सिग्नल नाही’ असे इंग्रजीत दिसते. टीव्ही बिघडला असे समजून तो बंद केला जातो आणि मुलगा दिवाळीला येईपर्यंत तसाच राहतो. यावर तंत्रज्ञानात उपाय आहे. एचडीएमआय-सीईसी या सोयीमुळे स्टिकच्या रिमोटवरील एक बटण दाबताच टीव्ही चालू होऊन योग्य स्रोतही आपोआप निवडला जातो. सॅमसंग संचात हीच सोय ‘एनीनेट प्लस’, एलजीत ‘सिम्पलिंक’ आणि सोनीत ‘ब्राव्हिया सिंक’ या नावांनी असते. ती सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागते. भेट देणाऱ्याने किमान एवढे काम स्वतः केल्याशिवाय गाव सोडू नये.

रिमोटचाही विचार करावा लागतो. स्टिक टीव्हीच्या मागे दडलेली असल्याने तिचा रिमोट बहुधा ब्लूटूथवर चालतो व तो साधनाशी एकदा जोडलेला असावा लागतो. पेन्सिल सेल बदलल्यावर क्वचित ही जोडणी तुटते. फायर टीव्हीच्या रिमोटवर घराचे चिन्ह असलेले बटण सुमारे दहा सेकंद दाबून धरल्यास ती पुन्हा जुळते; इतर साधनांची रीत निराळी असते. ही माहिती कागदावर लिहून टीव्हीमागे चिकटवलेली असावी. आकड्यांची बटणे नसणे हा या रिमोटांचा आणखी एक दोष. उलट त्यांवर विशिष्ट ॲपची जी ठळक बटणे असतात, ती ज्येष्ठांच्या पथ्यावर पडतात: यूट्यूबचे बटण असलेला रिमोट घेतल्यास मुख्य पडद्याची वाटच टळते. त्या बटणावर टिकली चिकटवून खूण करण्याचा घरगुती उपाय चांगला उपयोगी पडतो.

काही साधनांत मुख्य पडदा साधा करण्याची सोय असते. गूगल टीव्हीत शिफारशी बंद करून फक्त ॲप दाखवणारी रीत निवडता येते. गूगल टीव्ही असलेल्या संचात ‘बेसिक टीव्ही’ नावाची, इंटरनेटशिवाय चालणारी साधी रीतही असते. नको असलेली ॲप काढून टाकून दोन किंवा तीनच ठेवल्यास चुकीच्या ठिकाणी जाण्याची शक्यता कमी होते. सलग बराच वेळ पाहिल्यावर ‘अजून पाहत आहात का?’ असे विचारून थांबणारी सेवा दुपारच्या डुलकीनंतर गोंधळ उडवते. ही सूचना कशी दिसते हे आधीच दाखवून ठेवावे.

वीज व इंटरनेट

वीज गेली आणि आली, एवढ्यानेही स्टिकची घडी विस्कटते. छत्रीचा बॉक्स थोड्या वेळात पूर्ववत होतो. स्टिक मात्र नव्याने सुरू होण्यास सुमारे एक मिनिट घेते. राउटरला इंटरनेट मिळेपर्यंत आणखी दोन-तीन मिनिटे जातात. या वेळात उघडलेले ॲप ‘जोडणी नाही’ असे सांगते व ते पाहणारा माणूस बटणे दाबत सुटतो. राउटरला लहान बॅटरी जोडल्यास निम्मा प्रश्न सुटतो. स्टिकला टीव्हीच्या यूएसबी खाचेतून वीज देणे टाळावे. तेथून मिळणारा प्रवाह अनेकदा अपुरा पडतो आणि टीव्ही लावताना प्रत्येक वेळी स्टिकला पहिल्यापासून सुरू व्हावे लागते. सोबत मिळालेला ॲडाप्टरच वापरावा.

इंटरनेट कोठून येणार हा प्रश्न साधन घेण्याआधी सुटलेला असावा. फायबर किंवा हवेतून येणारी ब्रॉडबँड जोडणी असेल तर अडचण नाही. शहरापासून दूरच्या वाड्या-तांड्यांवर आणि औंढा-सेनगाव परिसरातील डोंगराळ भागात ती मिळते की नाही, हे त्या घरी चौकशी करूनच ठरवावे लागते. ती नसल्यास मोबाईलच्या हॉटस्पॉटवर काम चालवण्याचा मोह होतो. त्याचा हिशेब असा. नेटफ्लिक्सने दिलेल्या माहितीनुसार मध्यम दर्जाच्या चित्रास ताशी सुमारे ०.७ जीबी, तर उच्च दर्जाच्या चित्रास ३ जीबीपर्यंत डेटा लागतो. रोज १.५ जीबी देणाऱ्या पॅकवर मध्यम दर्जाचे चित्र दोन तासांच्या आसपास आणि उच्च दर्जाचे जेमतेम अर्धा तास चालते. पुढे वेग इतका घटतो की चित्र दिसणे अशक्य होते. म्हणून चित्राचा दर्जा सेटिंगमध्ये मुद्दाम खाली आणून ठेवावा. पाहण्यात फार फरक पडत नाही.

हॉटस्पॉटचा याहून मोठा दोष व्यावहारिक आहे. ज्याचा मोबाईल तो शेतावर गेला की घरचा टीव्ही बंद. खरिपाच्या पेरणीत किंवा हळद शिजवण्याच्या दिवसांत घरातील कर्ती माणसे दिवसभर बाहेर असतात आणि टीव्हीची सोबत नेमकी त्याच वेळी घरी राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांना हवी असते.

खाते, वर्गणी व ओटीपी

छत्रीच्या बॉक्सला पाहणारा कोण हे ठाऊक नसते. स्ट्रीमिंग साधनाला मात्र खाते लागते, खात्याला मोबाईल क्रमांक किंवा ईमेल लागतो आणि कधी ना कधी ओटीपी लागतो. मुलाच्या खात्यावर आईवडिलांचा टीव्ही चालत असेल तर हा ओटीपी पुण्यातील कारखान्यात पाळीवर असलेल्या मुलाच्या फोनवर जातो. तो सुटून घरी येईपर्यंत टीव्ही अडून राहतो.

वर्गणी वाटून घेण्यावर अलीकडे निर्बंधही आले आहेत. नेटफ्लिक्सने जुलै २०२३ पासून भारतात एक खाते एकाच घरापुरते मर्यादित केले. हिंगोली आणि पुणे ही दोन घरे ठरतात. प्राइम व्हिडिओने जानेवारी २०२५ पासून एका खात्यावरील पाच साधनांपैकी टीव्ही दोनच असावेत असा नियम केला. स्वस्त ‘मोबाईल’ वर्गणी टीव्हीवर चालत नाही, ही बाबही पैसे भरल्यानंतर कळण्यापेक्षा आधी कळलेली बरी.

मराठी कार्यक्रमांपुरते पाहायचे झाल्यास झी मराठीच्या मालिका झी५वर, स्टार प्रवाहच्या जिओहॉटस्टारवर आणि सोनी मराठीच्या सोनी लिव्हवर असतात. तिन्ही घेण्याची गरज सहसा नसते. घरात कोणती वाहिनी पाहिली जाते हे विचारून एकच घ्यावी. प्रसार भारतीने २० नोव्हेंबर २०२४ रोजी गोव्यातील चित्रपट महोत्सवात ‘वेव्ह्ज’ हे व्यासपीठ सुरू केले असून दूरदर्शनच्या वाहिन्या त्यावर थेट पाहता येतात. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे शेतीविषयक कार्यक्रम यूट्यूबवर विनामूल्य आहेत. बहुसंख्य ज्येष्ठांची गरज सशुल्क वर्गणीवाचूनही भागते, ही गोष्ट विक्रेते सांगत नाहीत.

भाषा, दृष्टी व श्रवण

अँड्रॉइड प्रणालीच्या भाषायादीत मराठी आहे. तरीही ॲपच्या आतील मजकूर पुष्कळदा इंग्रजीत राहतो. म्हणून ‘मराठी उपलब्ध’ या शब्दांवर न विसंबता दुकानातच भाषा बदलून पाहावी. आवाजाने शोधण्याची सोय ज्यांना टंकलेखन जमत नाही त्यांच्यासाठी उपकारक आहे. येथील बोलीतील उच्चार यंत्राला नेहमीच कळतात असे नाही, पण संताचे किंवा कीर्तनकाराचे नाव घेतल्यास ते बहुधा सापडते. वाढत्या वयात उंच पट्टीचे ध्वनी ऐकू येणे कमी होते व पार्श्वसंगीतात संवाद बुडतात. टीव्हीच्या ध्वनिरचनेत ‘संवाद’ किंवा ‘बातम्या’ असा पर्याय असल्यास तो निवडल्याने आवाज न वाढवताही बोलणे स्पष्ट होते.

फसवणुकीचा धोका

नवे साधन सुरू करताना अडचण आली की लोक इंटरनेटवर ग्राहकसेवेचा क्रमांक शोधतात. तेथे खोटे क्रमांक पेरून ठेवलेले असतात. पलीकडचा माणूस ‘ॲक्टिव्हेशन’साठी पैसे मागतो किंवा मोबाईलचा पडदा दूरवरून दाखवणारे ॲप उतरवून घेण्यास सांगतो आणि बँक खाते रिकामे करतो. स्टिकची नोंदणी करण्यासाठी कोणतेही शुल्क नसते, हे ज्येष्ठांना स्पष्ट शब्दांत सांगून ठेवावे. साधनाच्या खात्याला बँक कार्ड जोडू नये. जोडावेच लागले तर खरेदीसाठी पिन ठेवावा. फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ तक्रार करता येते. जितक्या लवकर कळवावे तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक. ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ ही स्वतंत्र राष्ट्रीय मदतवाहिनी आहे.

पैशांपलीकडेही एक नुकसान संभवते. साधन वारंवार अडू लागले की वृद्ध व्यक्ती तक्रार न करता टीव्ही पाहणेच सोडते. ‘आता काही बघावंसं वाटत नाही’ या उत्तराचा अर्थ पुष्कळदा ‘ते मला लावता येत नाही आणि सारखं विचारायची लाज वाटते’ असा असतो.

मांडणी व शिकवण

जुनी व्यवस्था काढून नवी बसवण्यापेक्षा जुनीच्या जोडीला नवी ठेवणे हिंगोलीसारख्या जिल्ह्यात अधिक शहाणपणाचे ठरते. छत्री व तिचा बॉक्स जागेवरच राहू द्यावा. टीव्ही चालू केल्यावर तोच आधी दिसेल अशी रचना करावी आणि स्टिक दुसऱ्या खाचेत लावावी. इंटरनेट गेले तरी टीव्ही गेला असे होत नाही. फ्री डिशचे चित्र जोराच्या पावसात तुटते आणि वाहिन्यांच्या जागा लिलावाने दिल्या जात असल्याने त्या वेळोवेळी बदलतातही. या दोन उणिवा सोडल्या तर तिच्याइतकी निश्चिंत व्यवस्था दुसरी नाही.

शिकवताना रिमोट शिकणाऱ्याच्या हाती असावा. शिकवणाऱ्याने तो हातात घेऊन ‘हे बघा, असं, असं आणि असं’ म्हणून दाखवले तर पाहणाऱ्याच्या लक्षात काहीही राहत नाही. पहिल्या दिवशी एकच मार्ग शिकवावा: चालू करणे, एक कार्यक्रम लावणे, बंद करणे. चुकल्यावर परतण्याची वाट त्याहून आधी शिकवावी. घराचे चिन्ह दाबले की पुन्हा सुरुवातीला येतो, एवढे पक्के झाले की भीती जाते. सणाला आलेल्या मुलाने निघण्याच्या सकाळी साधन बसवून देण्याऐवजी आल्या दिवशीच बसवावे, म्हणजे चार दिवसांतील चुका तो घरी असतानाच होतील.

कंपनीच्या ग्राहकसेवेपेक्षा गावातलाच कोणी जाणता मुलगा किंवा मुलगी, केबल जोडणारा माणूस किंवा शेजारची सून यांपैकी एकाशी आधी बोलून ठेवणे अधिक कामाचे. ज्या घराजवळ असा कोणी नाही तेथे दूरून सांगून दुरुस्त करता येईल असेच साधन द्यावे. त्यासाठी मुलाने स्वतःकडेही तेच साधन ठेवल्यास फोनवरून ‘आता खाली, आता उजवीकडे’ असे सांगता येते. दोन वेगळ्या साधनांवर हा संवाद फार लवकर भांडणावर येतो.

इतर प्रयत्न

ज्येष्ठांपुढील ही अडचण जगभर जाणवते. नॉर्वेतील ‘नो आयसोलेशन’ या कंपनीने एकच बटण असलेला ‘कोम्प’ नावाचा पडदा तयार केला. नातलगांनी मोबाईलवरून पाठवलेली छायाचित्रे व निरोप त्यावर दिसतात आणि आलेला व्हिडिओ कॉल काही सेकंदांनी आपोआप जोडला जातो. ब्रिटनमध्ये बीबीसीसह प्रमुख सार्वजनिक प्रसारकांनी एप्रिल २०२४ मध्ये ‘फ्रीली’ ही सेवा आणली. थेट वाहिन्या इंटरनेटवरून येत असल्या तरी पडद्यावर त्या जुन्या पद्धतीच्या वाहिनीयादीतच दिसतात, त्यामुळे पाहणाऱ्याला सवय बदलावी लागत नाही.

भारतात भारतीय मानक ब्यूरोने आयएस १८११२:२०२२ हे मानक प्रसिद्ध केले असून ते उपग्रह ग्राहक आतच बसवलेल्या दूरचित्रवाणी संचांसाठी आहे. अशा संचास छत्रीची तार थेट जोडता येते. वेगळा बॉक्स लागत नाही व फ्री डिशच्या वाहिन्या टीव्हीच्याच रिमोटवर मिळतात. संच स्मार्ट असल्यास यूट्यूबही त्याच रिमोटवर येते. नवा टीव्ही घेण्याची वेळ आलेल्या घरात, स्टिकचा विचार करण्यापूर्वी, दुकानदारास या सोयीविषयी विचारावे.